इन्स्टाग्रामचं प्रायव्हेट अकाउंट: शहापुरातल्या शिवण क्लासमधून

इन्स्टाग्रामचं प्रायव्हेट अकाउंट ही सोय मी स्वतः वापरते आणि क्लासातल्या प्रत्येक पोरीला वापरायला लावते. सोय चांगली आहे, फुकट आहे, पाचपैकी चार गुण तिला बिनदिक्कत देते. एक गुण का कापला ते पुढे येईलच. पण आधी हे लिहायला का बसले ते सांगते.

बेळगावात शहापूर-वडगाव भागात माझा शिवण आणि आरी वर्कचा, म्हणजे आरीच्या सुईने करायच्या भरतकामाचा, क्लास आहे. येळ्ळूर, धामणे, अनगोळ, कडोली इथल्या पोरी येतात, काहीजणी खानापूरहून रेल्वेने येतात. शिकून झालेल्या बऱ्याचजणींना लग्नाच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी इन्स्टावरूनच मिळतात. गोव्याची, चंदगडची, गडहिंग्लजची गिऱ्हाइकं रील बघून मेसेज करतात. आणि याच पोरींच्या घरी एखाद्या दिवशी कुणा मामाचा फोन येतो की तुमच्या पोरीचा फोटो अमक्याच्या मोबाईलमध्ये बघितला. मग घरातला निकाल ठरलेला असतो. इन्स्टा बंद कर, नाहीतर फोन ठेव इथं. पोरीचं काम जातं, मैत्रिणी तुटतात, आणि ज्यानं फोटो उचलला तो मोकळा फिरतो. मला हे अजिबात पटत नाही. अकाउंट बंद करायच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते घरातल्या आईलाही समजेल इतकं सोपं आहे.

बटण सापडायला वेळ लागत नाही. आपल्या प्रोफाइलवर जायचं, वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबायच्या, ‘अकाउंट प्रायव्हसी’ उघडायचं आणि ‘प्रायव्हेट अकाउंट’ चालू करायचं. तिथून पुढे तुमच्या पोस्ट, स्टोरी, रील, तुम्हाला कोण फॉलो करतं आणि तुम्ही कुणाला करता त्या याद्या, हे सगळं फक्त तुमच्या फॉलोअरना दिसतं. नव्या माणसाला आधी रिक्वेस्ट पाठवावी लागते. तुमची रील कुणाला ॲपमधून डाउनलोड करता येत नाही. एखाद्या फॉलोअरने तुमची पोस्ट दुसऱ्याला पाठवली तरी तो दुसरा तुम्हाला फॉलो करत नसेल तर त्याच्याकडे ती उघडत नाही. चार गुण आहेत ते याचे.

आता जे हे बटण करत नाही ते. आधीपासून तुमच्या यादीत असलेला एकही माणूस त्यामुळे बाहेर जात नाही. काल जे बघत होते ते आजही बघतात. पोरींना नेमकं हेच ठाऊक नसतं. प्रायव्हेट केलं, आता काळजी नाही, असं समजून त्या आणखी मोकळेपणाने फोटो टाकायला लागतात.

कडोलीची एक पोरगी क्लास सुटल्यावर अशीच मागे थांबली. मशिनींवर कव्हरं घालून झाली होती. म्हणाली, “टीचर, मी प्रायव्हेट केलंय, तरी माझी स्टोरी त्येला कशी दिसालीय?” तो कोण ते मी विचारलं नाही. कटिंगच्या टेबलावर दोघी बसलो आणि तिची फॉलोअरची यादी उघडली. आठशेच्या वर नावं. एकेक खाली सरकवत गेलो.

“ह्यो कोण?”

“मामाच्या गावचा, नंदगडचा.”

“बोलतीस त्याच्याशी?”

“न्हाई. यात्रेत एकदा बघितल्याला.”

पुढे दहावीच्या वर्गातला एक, त्याचा भाऊ, भावाचा मित्र. रिचार्ज मारून देणारा दुकानदार. फुलाचा फोटो लावलेलं आणि एकही पोस्ट नसलेलं अकाउंट. साड्यांची दोन पानं. एकाच पोराची तीन वेगवेगळी अकाउंट. यातली बरीचशी नावं तिनं शाळेत असताना घेतलेली, कारण तेव्हा वर्गात कुणाचे फॉलोअर जास्त याची चढाओढ होती. आणि जो माणूस तिला नको होता तो स्वतःच्या नावाने यादीत नव्हताच. ‘स्टेटस व्हिडिओ’ टाकणाऱ्या एका पानाच्या नावाखाली बसला होता. त्या पानावरच्या जुन्या पोस्ट मागे मागे बघत गेलो तर एका व्हिडिओत त्याची मोटरसायकल उभी होती, नंबर प्लेटसकट. पोरगीनं नंबर बघितल्या बघितल्या ओळखला.

काढून टाकणं सोपं आहे. नावासमोर ‘रिमूव्ह’ असतं ते दाबायचं. समोरच्याला त्याची सूचना जात नाही. पण आधी प्रायव्हेट करायचं आणि मग सफाई, हा क्रम पाळा. अकाउंट सगळ्यांना उघडं असताना काढलेला माणूस लगेच परत फॉलो करू शकतो. प्रायव्हेट असेल तर त्याला पुन्हा रिक्वेस्ट पाठवावी लागते आणि तेव्हा निर्णय तुमचा असतो. अगदीच त्रास देणारा असेल तर ब्लॉक करा. ब्लॉक करतानाच त्याची इतर आणि पुढे काढेल ती नवी अकाउंटही ब्लॉक करायचा पर्याय येतो, तोच निवडा.

स्टोरी कुणी बघितली ती यादीही रोज नजरेखालून घालावी. स्टोरी चोवीस तासांनी जाते, पण बघणाऱ्यांची नावं टाकल्यापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या स्टोरी साठतात तिथं, बघता येतात. कधी लाईक नाही, कधी कमेंट नाही, पण प्रत्येक स्टोरी बघणारं अनोळखी नाव असेल तर ते आधी काढा.

या पोरीचा हात खरा अडला तो नात्यातल्या नावांवर. चुलत भाऊ, आतेचा दीर, बहिणीच्या सासरचे. “टीचर, ह्यास्नी काढलं तर पुढच्या बारशाला विचारत्यात की.” खरं आहे. आमच्याकडे नातं चंदगडपासून पणजीपर्यंत पसरलेलं असतं आणि कुणी कुणाला ‘काढलं’ याची चर्चा लग्नाच्या पंगतीत होते. अशा माणसांसाठी मला ‘क्लोज फ्रेंड्स’ ही सोय सगळ्यात आवडते. २०१८ पासून ती आहे. तुम्ही निवडलेल्या माणसांनाच ती स्टोरी हिरव्या कड्यात दिसते, आणि २०२३ पासून पोस्ट आणि रीलही तशाच ठेवता येतात. यादीत कुणाला घातलं किंवा काढलं याची सूचना कुणाला जात नाही. यादीत कोण कोण आहे तेही कुणाला दिसत नाही. शिवाय ‘हाइड स्टोरी’मध्ये एखादं नाव घातलं की त्याला फक्त स्टोरी दिसायची बंद होते, फॉलोअर म्हणून तो तसाच राहतो. दिवाळीच्या रांगोळीचा फोटो सगळ्यांना, आणि मैत्रिणींबरोबर आंबोलीला गेलेला फोटो दहा-बाराजणींनाच. ना कुणाचा अपमान, ना कुणाची चौकशी. त्या पोरीनं उरलेली यादी घरी बसून संपवली. दोनशेच्या आत आणली.

प्रायव्हेट केल्यावरही जगाला काय दिसत राहतं ते आता सांगते, कारण कापलेल्या गुणाचा मोठा भाग इथं आहे. तुमचा प्रोफाइल फोटो, नाव आणि नावाखालच्या चार ओळी सगळ्यांना दिसतात. पोस्ट किती, फॉलोअर किती हे आकडेही दिसतात. आमच्या पोरींच्या त्या चार ओळींत काय असतं बघा. कॉलेजचं नाव, कुठल्या वर्षाची बॅच, केकचं चित्र आणि शेजारी वाढदिवसाची तारीख, गावाचं नाव, आणि कधीकधी देवळाचं किंवा गल्लीचंही. हे सगळं प्रायव्हेट अकाउंटवर, कुलूप लावल्याच्या समाधानात. एखाद्याला तिच्या कॉलेजच्या गेटवर उभं राहायचं असेल तर त्याला फोटो बघायची गरजच नाही. मी सांगते की तिथं फक्त नाव राहू दे, तेही पूर्ण नको असेल तर नको. प्रोफाइल फोटोत गणवेश किंवा ओळखपत्राची पट्टी असेल तर तो बदला.

अनोळखी माणसाचा मेसेजही येऊ शकतो. प्रायव्हेट असलं तरी तो ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये येऊन पडतो. तो यायलाच नको असेल तर मेसेजच्या सेटिंगमध्ये वेगळं जाऊन बंद करावं लागतं. कुणी तुम्हाला ग्रुपमध्ये घालायचं तेही तिथंच. हिरवा ठिपका, म्हणजे तुम्ही आत्ता चालू आहात हे दाखवणारी खूण, ती आणखी तिसरीकडे. एका बटणाने होईल असं वाटणारं काम पाच ठिकाणी वाटलेलं आहे, आणि ही ठिकाणं ॲपच्या नव्या आवृत्तीत सरकतात. सेटिंगच्या वर शोधायची चौकट असते, तिच्यात शब्द टाकून शोधणं त्यातल्या त्यात सोपं.

रिक्वेस्ट आली की पोरी काय बघतात तर ओळखीचे कोण कोण त्याला फॉलो करतात. “बारा जणी कॉमन आहेत की टीचर.” त्या बाराजणींनीही एकमेकींची नावं बघूनच त्याला घेतलेलं असतं. माझा नियम एकच. ज्याला फोन करून ‘तू मला रिक्वेस्ट पाठवलीस का’ असं विचारता येतं त्याला घ्या. मैत्रिणीच्या नावाने दुसरं अकाउंट आलं तर नक्कीच फोन करा, कारण मैत्रिणीचा फोटो लावून काढलेली खोटी अकाउंट अशीच आत शिरतात. आणि रिक्वेस्ट नुसत्या साठवून ठेवू नका, नको असतील त्या ‘डिलीट’ करून टाका. कधी तुम्ही अकाउंट परत सार्वजनिक केलं तर वाट बघत पडलेल्या रिक्वेस्ट आपोआप मंजूर होतात.

टॅगचं प्रकरण आमच्या बेळगावात जास्त मोठं आहे असं मला वाटतं. इथली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, गणपतीत गल्लोगल्ली मंडळं असतात, आणि प्रत्येक मंडळाचं इन्स्टावर पान असतं, तेही सगळ्यांना उघडं. लेझीम खेळणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या, चित्ररथावर जिजाऊ होऊन उभ्या राहिलेल्या पोरींचे व्हिडिओ त्यावर येतात. कौतुकाने टाकलेले असतात. पण तुमचं अकाउंट प्रायव्हेट असल्याने मंडळाच्या पानावरचा तुमचा चेहरा झाकला जात नाही, आणि त्यावर तुमच्या अकाउंटचा टॅग असेल तर बघणारा थेट तुमच्या दारात येतो. म्हणून टॅगच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनाच टॅग करू द्या, आणि मंजुरी दिल्याशिवाय टॅग तुमच्या प्रोफाइलवर दिसू नये असंही करा. लागलेला टॅग स्वतः काढताही येतो. व्हिडिओ मात्र ज्यानं टाकला त्यालाच सांगून काढून घ्यावा लागतो. मंडळाची पोरं ऐकतात. पोरीच्या भावाने किंवा वडिलांनी अध्यक्षाला नीट सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

दुसऱ्याच्या उघड्या पानावर केलेली लाईक आणि कमेंटही सगळ्यांना दिसते. सीमाप्रश्नावरच्या पोस्टखाली एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास दोन्ही बाजूंनी काय काय लिहिलं जातं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिथं एका ओळीची कमेंट केली तरी तुमचं नाव आणि फोटो हजारो अनोळखी माणसांसमोर जातो. मत मांडू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः मांडते. पण आपलं अकाउंट प्रायव्हेट आहे म्हणून ती कमेंटही प्रायव्हेट आहे, असं समजून कुणी लिहू नये.

धंदा करणाऱ्या बायकांसाठी गोष्ट वेगळी आहे. बिझनेस अकाउंट प्रायव्हेट करता येत नाही. करायचं असेल तर आधी साध्या अकाउंटवर परत यावं लागतं. म्हणून मी सुरुवातीपासून दोन ठेवलीत. क्लासचं अकाउंट उघडं, माझं स्वतःचं प्रायव्हेट. क्लासच्या अकाउंटवर मी ब्लाऊज पुतळ्यावर चढवून टाकते, किंवा गिऱ्हाइकाचा फोटो पाठीकडून घेते. पाठीवरचं काम, लटकन, बाहीची नक्षी सगळं व्यवस्थित दिसतं आणि चेहऱ्याची गरज पडत नाही. नवरीचा चेहरा टाकायचा असेल तर तिला विचारून, आणि लग्न होऊन गेल्यावर. हॉलचं नाव आणि तारीख आधी टाकायची नाही. क्लासमध्ये शिकणाऱ्या पोरींचा फोटो टाकते तेव्हा टॅग करत नाही. घरचा पत्ता न देता ‘शहापूर, बेळगाव’ एवढंच लिहिते, आणि फोनसाठी कामाचा नंबर वेगळा ठेवलाय.

जुलै २०२५ पासून आणखी एक बदल झालाय. अठरा वर्षांवरच्यांच्या बिझनेस आणि क्रिएटर अकाउंटवरचे सार्वजनिक फोटो आणि रील गुगलसारख्या सर्चमध्येही दिसू शकतात. मला ते चालतं, उलट ‘आरी वर्क बेळगाव’ शोधणारीला माझं काम सापडलं तर बरंच. पण ज्या बाईनं जुन्या काळी घरचेच फोटो टाकले आणि नंतर ऑर्डरसाठी त्याच अकाउंटला बिझनेस करून टाकलं, तिचे मुलांच्या वाढदिवसाचे फोटोही त्यात येऊ शकतात. अकाउंट प्रायव्हसीमध्येच हे बंद करायचं बटण आहे. आणि जुने घरगुती फोटो डिलीट करायची इच्छा नसेल तर ‘अर्काइव्ह’ करा. फोटो तुमच्याकडे राहतो, लाईक-कमेंटसकट, पण दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मला विचाराल तर अख्ख्या इन्स्टात सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात कामाची सोय हीच आहे.

दोन अकाउंट ठेवणाऱ्यांनी फोनमधले कॉन्टॅक्ट इन्स्टाला देऊ नयेत. दिलेले असतील तर सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन बंद करावेत. नाहीतर गिऱ्हाइकांना तुमचं घरचं अकाउंट ‘तुमच्या ओळखीचं कुणी’ म्हणून सुचवलं जाण्याची शक्यता वाढते. इन्स्टावर टाकलं की आपोआप फेसबुकवर जाईल अशी जोडणी केली असेल तर तीही बघा. इन्स्टावर प्रायव्हेट ठेवलेला फोटो फेसबुकवर गेला की तिथं कुणाला दिसायचं ते फेसबुकच्या सेटिंगवर ठरतं.

आता स्थळाची गोष्ट. हिच्यावर मी जरा जास्त बोलते, कारण माझ्याकडे आया येतात त्या यासाठीच. बायोडाटा व्हॉट्सॲपवर गेला की त्याच रात्री मुलाकडची मंडळी पोरीचं इन्स्टा शोधतात. ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत मध्यस्थानं विचारलं, अकाउंट प्रायव्हेट कशाला ठेवलंय, काय लपवायचंय? आई घाबरली. मला म्हणाली, “उघडून ठेवायला सांगू काय हो तिला? चांगलं स्थळ हाय.” मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या घराला उंबरा हाय तो काय लपवायला हाय?” ती पोरगी पंचवीस वर्षांची, बँकेत कामाला. तिनं स्वतः ठरवलं. मुलगा आणि मुलगी एकदा भेटले, बोलले, त्यानंतर मुलाच्या बहिणीची रिक्वेस्ट तिनं घेतली. क्लोज फ्रेंड्समध्ये अर्थातच नाही. बोलणी व्यवस्थित पुढे गेली. ज्या घराला पोरीच्या प्रायव्हेट अकाउंटचीच शंका येते त्या घरी लग्नानंतर तिच्या फोनचा पासवर्डही मागितला जाईल, अशी भीती मला वाटते, आणि ती मी आयांना स्पष्ट बोलून दाखवते.

सासरच्या कुणाला ब्लॉकही करता येत नाही आणि त्यांच्या कमेंटही सोसवत नाहीत, असं असेल तर ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा. २०१९ पासून आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्या माणसाची कमेंट फक्त त्याला आणि तुम्हालाच दिसते, त्याचा मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो आणि तुम्ही तो वाचला की नाही ते त्याला कळत नाही. त्याला वाटतं सगळं पूर्वीसारखंच चाललंय.

फेसबुकबद्दल थोडक्यात. वयाने मोठ्या बायका अजून तिथंच आहेत आणि त्यांच्यासाठी ‘प्रोफाइल लॉक’ इन्स्टाच्या बटणापेक्षा सरस आहे. मे २०२० मध्ये ही सोय भारतात आली. लॉक केलं की प्रोफाइल फोटोसुद्धा अनोळखी माणसाला मोठा करून बघता येत नाही आणि आधी सार्वजनिक टाकलेल्या पोस्टही फक्त मित्रयादीपुरत्या होतात. प्रोफाइल फोटोचं असं संरक्षण इन्स्टाने द्यावं, ही माझी जुनी मागणी आहे.

व्हॉट्सॲपवर ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडलं की बायकांना वाटतं आपली माणसं. त्याचा अर्थ तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेला प्रत्येक नंबर. गॅसवाला, इलेक्ट्रिशियन, एकदा ब्लाऊज शिवून नेलेलं गिऱ्हाईक, सगळे आले. ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’मध्ये जाऊन त्यांची नावं वगळता येतात, डीपीसाठी वेगळी आणि स्टेटससाठी वेगळी. कुणी ग्रुपमध्ये घालायचं तेही तिथंच ठरवा, कारण ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो.

लहान पोरींसाठी आता नियम बदललाय. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात इन्स्टाने ‘टीन अकाउंट’ लागू करायला सुरुवात केली. अठरा वर्षांखालच्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना ते बदलायचं असेल तर आईबापाची परवानगी लागते. चांगलं पाऊल आहे. पण हे सगळं अकाउंट काढताना टाकलेल्या जन्मतारखेवर उभं आहे, आणि आमच्या आठवी-नववीच्या पोरी २००० साल टाकून मोकळ्या झालेल्या असतात. आईनं एकदा शेजारी बसून ती तारीख बघावी. ओरडायला नव्हे, दुरुस्त करायला.

स्क्रीनशॉट मात्र कुठलंच बटण थांबवत नाही. पोस्टचा किंवा स्टोरीचा स्क्रीनशॉट घेतला तर इन्स्टा तुम्हाला कळवतही नाही. म्हणून कितीही साफ यादी असली तरी जो फोटो बाहेर गेला तर पोरीला झोप लागणार नाही, तो मुळात टाकूच नये असं मी सांगते, क्लोज फ्रेंड्समध्येसुद्धा.

फोटो उचलून कुणी खोटं अकाउंट काढलंच तर घाईने त्याला मेसेज करू नका. आधी त्या अकाउंटचं युझरनेम आणि लिंक लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसू द्या. हे लोक नाव बदलतात. मग तीन ठिपके दाबून रिपोर्ट करा आणि ‘दुसऱ्याची नक्कल करतोय’ हे कारण निवडा. मैत्रिणींनाही रिपोर्ट करायला सांगा. ज्या पोरीचं स्वतःचं अकाउंट नाही तिलाही इन्स्टाचा वेगळा फॉर्म भरून तक्रार करता येते. उघडेनागडे किंवा तसे बनवलेले फोटो पसरवायची कुणी धमकी देत असेल तर अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप-एनसीआयआय’ ही सेवा आहे. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तोच सहभागी कंपन्यांकडे जातो. सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर बायका आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथं नाव न सांगताही कळवता येतं. हेल्पलाइन १९३०. बेळगाव शहरात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलिस ठाणं आहे. दुसऱ्याच्या नावाने अकाउंट चालवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि कन्नड नीट लिहिता-बोलता येणारं कुणीतरी सोबत न्या म्हणजे जबाब नीट उतरतो. पोरीला एकटीला पाठवू नका. आईला वेळ नसेल तर मला सांगा, मी जाते तिच्याबरोबर.